एक सेकंद म्हणजे एक हात

पस्तीस एमएमच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी पळतात. म्हणजे एक सेकंद दीड फुटाचा. आपला जुना हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, तोही दीड फुटाचाच. अर्धा सेकंद नऊ इंच, म्हणजे एक वीत. एडिटिंग रूममध्ये नवीन पोरगं आलं की आमचे वस्ताद त्याला घड्याळ काढून ठेवायला सांगत आणि फिल्म हातावर मोजायला लावत. मिनिटाला एकशेवीस मात्रांचं गाणं असेल तर एक मात्रा एक वीत, कहरव्याचं आख्खं आवर्तन सहा फूट, दादऱ्याचं साडेचार. हे एकदा अंगात मुरलं की फिल्मची पट्टी उजेडासमोर नुसती ताणून धरली तरी गाणं ऐकू येतं.

मी लालबागचा. चाळीत कोकणातल्या मंडळींचं भजनी मंडळ होतं, त्यात पखवाज वाजवायचो. एवढ्याच भांडवलावर सत्तरच्या दशकात महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओतल्या एका एडिटिंग रूममध्ये शिरलो. वस्तादांनी शिक्षण विचारलं नाही. टेबलावर ठेका वाजव म्हणाले, आणि मध्येच माझा हात धरून विचारलं, "सम कुठे आली असती?" सांगितली. "उद्यापासून ये." पगाराचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही धीर झाला नाही.

हल्ली म्युझिक व्हिडिओचा इतिहास सांगणारे 1991पासून, स्टारच्या छत्रीतून एमटीव्ही घरात आला तिथून सुरुवात करतात. मला ते कधीच पटलेलं नाही. ठोक्यावर चित्र तोडायची विद्या मुंबईत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ती गाण्याच्या पोटात होती आणि गाणं सिनेमाच्या पोटात, म्हणून तिला वेगळं नाव पडलं नाही. ती बाळगणाऱ्यांनाही फारसं नाव मिळालं नाही.

अगदी मुळाशी जायचं तर सरस्वतीबाई फाळके. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात, हातानं यंत्र चालवून पाडायचं काम बाईंनी शिकून घेतलं. फिल्म धुणं, तुकडे जोडणं यातही त्या दादासाहेबांच्या बरोबरीनं होत्या. 1913चा 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3700 फुटांचा. घरात पोरंबाळं, वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक, आणि रात्री दार लावून हे काम. भारतातली पहिली संकलक कोण यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. फिल्म अंधारात बोटांनी ओळखणारं पहिलं माणूस एक गृहिणी होती, एवढं मला पुरतं.

बोलपट आला आणि गंमत अशी की गाण्यांच्या बाबतीत संकलकाचे हात काही काळ बांधलेच गेले. 1931-32च्या त्या चित्रपटांत नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचा. साजिंदे चौकटीबाहेर लपून वाजवायचे आणि आवाज त्याच क्षणी मुद्रित व्हायचा. मग चित्र तोडणार कुठे? तोडलं तर सूर तुटायचा. गाणारं तोंड दाखवत राहायचं, फार तर मध्ये ऐकणाऱ्याचा चेहरा. 1935मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं पार्श्वगायन आणलं. गाणं आधी मुद्रित करायचं आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून नटानं ओठ हलवायचे. ही सोय गायकांसाठी झाली असं सगळे लिहितात. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा झाला संकलकाचा. चित्र तोंडापासून सुटलं. मुखडा बागेत, अंतरा होडीत, मधलं संगीत डोंगरावर; सूर अखंडच राहणार, कारण तो वेगळ्या पट्टीवर आहे. हिंदी-मराठी सिनेमातलं गाणं देशभर भटकायला लागलं ते या कारणानं.

प्रभातमध्ये ए. आर. शेख होते, 'संत तुकाराम'चं संकलन त्यांचं. त्या चित्रपटातली कुठलीही तोड डोळ्यांत येत नाही, आणि भक्तिपटात ती तशीच हवी. शांतारामबापूंना स्वतःला संकलनाची जबर समज होती. 1937च्या 'कुंकू'त त्यांनी पार्श्वसंगीत काढूनच टाकलं आणि घरातल्या, रस्त्यावरच्या आवाजांवर दृश्यं उभी केली. पुढे परळला राजकमल उभं राहिलं तेव्हा त्यांच्याकडे चिंतामणी बोरकर संकलन करत. 'दो आंखें बारह हाथ' आणि 'नवरंग' ही दोन नावं घेतली तरी पुरे. 'नवरंग'मधली नाचगाणी डोळ्यांना भडक वाटतात, मलाही वाटतात, पण आवाज बंद करून पाहा. तबला ऐकू येतो.

पन्नासच्या दशकात मराठी माणसं मुंबईच्या एडिटिंग रूममध्ये ठाण मांडून बसलेली होती. राज कपूरच्या 'आवारा'चं संकलन जी. जी. मयेकरांचं. त्यातलं स्वप्नदृश्य चांगलं नऊएक मिनिटांचं आहे: ढग, जिने, नरक, मूर्ती, मध्येच लय बदलते आणि नवं गाणं सुरू होतं. वेगळं काढून दाखवलं तर आजही स्वतंत्र म्युझिक व्हिडिओ म्हणून उभं राहील. गुरुदत्तकडे वाय. जी. चव्हाण होते. 'प्यासा' आणि 'कागज के फूल' या दोन्ही चित्रपटांत बोलण्यातून गाण्यात शिरण्याची जागा पाहावी. पात्र बोलता बोलता गायला लागतं आणि आपण कधी शिरलो ते कळत नाही, कारण वाद्यमेळाची नांदी कापून टाकलेली असते. तेवढे काही हात फिल्म काढून टाकायला छाती लागते. संगीतकार बाहेर बाकावर बसलेला असतो.

आता काम कसं चालायचं ते सांगतो, कारण ती यंत्रं आता संग्रहालयातच सापडतात. गाण्याचं मुद्रण पस्तीस एमएमच्या मॅग्नेटिक पट्टीवर उतरवून आमच्याकडे यायचं. ही तपकिरी पट्टी आकारानं फिल्मसारखीच, तशीच भोकं असलेली. असिस्टंटचं पहिलं काम मुव्हिओलावर ती पुन्हा पुन्हा ऐकत मागच्या बाजूनं मेणाच्या पेन्सिलीनं खुणा करायच्या: इथे मुखडा, इथे तबल्याची थाप, इथे व्हायोलिनचा घोळका, इथे गायिकेनं श्वास घेतला. श्वासाची खूण वस्ताद कधी विसरू देत नसत. मग शूटिंगच्या रशेस, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली कामचलाऊ प्रिंट, तुकड्या-तुकड्यांनी कापडाच्या बिनमध्ये लटकवायची आणि पाहिजे तो तुकडा पाहिजे त्या खुणेला जोडायचा. मुव्हिओला उभं यंत्र, शिलाई मशिनच्या वरताण आवाज करणारं. पुढे जर्मन बनावटीचं आडवं, टेबलासारखं स्टीनबेक आलं तेव्हा खोलीत पहिल्यांदा शांतता झाली आणि माणसं हळू बोलायला लागली.

नवशिका नेमका थापेवर तोडतो. थापेवर तोडलेलं चित्र पडद्यावर उशिरा आल्यासारखं दिसतं, कारण कान थाप आधी पकडतो आणि डोळ्याला नवं चित्र समजायला एक क्षण लागतो. म्हणून एक-दोन चौकटी आधी तोडायचं. पखवाजाचा हात असणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. समेच्या किंचित आधीच त्याचा खांदा उचललेला असतो. आणि दर थापेला तोडायचं नाही हे त्याहून महत्त्वाचं. चार आवर्तनं समेवर तोडलं की पाचव्याला प्रेक्षक वाट पाहतो. तेव्हा तोडायचं नाही, चित्र तसंच पुढे जाऊ द्यायचं.

चित्र पक्कं झालं की निगेटिव्ह कटरकडे. पांढरे सुती हातमोजे घातलेली ही माणसं कडेचे आकडे वाचून मूळ निगेटिव्ह आमच्या तुकड्यांबरहुकूम कापायची. इथे माघार नव्हती. सिमेंटनं जोड मारताना निगेटिव्हची कडेची चौकट खर्ची पडते, त्यामुळे एकदा कापलेलं पुन्हा जसंच्या तसं जोडता येत नाही. झटपट तुकड्यांचं गाणं आलं की ही मंडळी आमच्याकडे रागानं पाहत. त्यांच्या हातची धूळ, ओरखडा, बोटाचा ठसा थेट भारतमाता टॉकीजच्या पडद्यावर दिसणार, आणि नाव मात्र श्रेयनामावलीतून इतकं भुर्रकन जाणार की त्यांच्या घरच्यांनाही वाचता येऊ नये.

या सगळ्या पिढीत माझा मानाचा मुजरा वामन भोसल्यांना. मूळचे गोव्याच्या पोंबुर्फ्याचे, 1932चा जन्म. 1952मध्ये मुंबईत आले आणि बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. हे पै म्हणजे 'पाकीजा'चे संकलक. मग फिल्मिस्तानमध्ये बारा वर्षं असिस्टंट. बारा वर्षं दुसऱ्याच्या खुणा करायच्या! आजच्या मुलांना बारा आठवडे जड जातात, आणि त्यांचं चुकतंही नाही. आम्ही ज्याला साधना म्हणायचो त्यातलं निम्मं फुकट राबणं होतं. राज खोसलांच्या 'दो रास्ते'नं 1969मध्ये त्यांना स्वतंत्र काम दिलं. या चित्रपटाची गोष्टही मराठीच, चंद्रकांत काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरची. गुरुदत्त शिराली त्यांचे जोडीदार, आणि 'वामन–गुरू' हे जोडनाव पोस्टरवर दिसायला लागलं. संकलकाचं नाव पोस्टरवर वाचता येईल एवढ्या अक्षरांत ही त्या काळी बातमीच होती. 1977च्या 'इन्कार'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या जोडीनं एकाच काळात गुलजारांचे 'आंधी', 'मौसम' आणि सुभाष घईंचे 'कर्ज', 'हीरो' केले, यावर कुणी थांबून विचार करत नाही. गुलजारांच्या गाण्यात माणसं चालतात, जुन्या भिंती दिसतात, तोड जणू नाहीच. 'कर्ज'मध्ये भल्यामोठ्या फिरत्या तबकडीवर नायक नाचतो, दिवे लागतात-विझतात, आणि तुकडे गिटारच्या फटकाऱ्यांवर पडतात. 1980 सालचा हा चित्रपट. अमेरिकेत एमटीव्ही सुरू व्हायला अजून वर्ष होतं. हे मी अभिमान मिरवायला सांगत नाही. परदेशी संगीताचा प्रभाव त्या गाण्यावर ढळढळीत आहे. पण तोड परदेशातून आली नव्हती, ती पोंबुर्फ्याच्या माणसाच्या मनगटातून आली होती.

विजय आनंदांचं नाव न घेणं अन्याय होईल. ते आपल्या चित्रपटांच्या संकलनात स्वतः बसत, आणि त्यांची चाल उलटी होती. जिथे दुसरा दहा तुकडे करील तिथे ते एकच लांब शॉट चालवत आणि मग एखाद्या ओळीच्या शेवटी अशी तोड टाकत की अंगावर काटा यावा. आमच्या खोलीत त्यांच्या गाण्यांवरून भांडणं होत. वस्ताद म्हणत, ही दिग्दर्शकाची करामत, संकलकाची नव्हे. माझं म्हणणं, कुठे तोडायचं नाही हे ज्यानं ठरवलं त्यानंच संकलन केलं.

'शोले'चे संकलक एम. एस. शिंदे. सुमारे तीन लाख फूट चित्रीकरण झालं होतं असं सांगतात. पूर्ण चित्रपट साधारण साडेअठरा हजार फुटांचा. गाडीवरची मारामारी, ठाकूरच्या घरादारावर गोळ्या झाडल्या जातात ते दृश्य, सारं त्या ढिगातून वेचलेलं. 'शोले'ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा. याच शिंद्यांचं उतारवय धारावीतल्या एका खोलीत गेलं आणि 2012मध्ये ते वारले तेव्हा वर्तमानपत्रांना त्यांची आठवण झाली. ज्या चित्रपटाच्या संवादांवर लोकांनी रेकॉर्डी विकल्या, त्याच्या संकलकाला त्यातून काय मिळालं असेल याचा हिशेब प्रत्येकानं आपल्या मनाशी करावा.

सिनेमाच्या बाहेरही एक झरा होता. पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती नावाचे एक अवलिया होते, मूळचे ओडिशाचे, चेकोस्लोव्हाकियात शिकून आलेले. 1968चा त्यांचा 'एक्स्प्लोरर' काही मिनिटांचाच. बेभान नाचणारी तरुण पोरं, प्रयोगशाळा, देवदेवता, झपकन येऊन जाणारी अक्षरं. आणि आवाजाची बाजू बासरीवादक विजय राघव राव यांची. सरकारी खर्चानं, सरकारी कचेरीत, कुटुंबनियोजनाच्या पट्ट्या निघत त्याच इमारतीत हे घडलं! मला तो फार उशिरा पाहायला मिळाला. पाहिला तेव्हा वाटलं, आपण ज्याला नवं म्हणत होतो ते या माणसानं केव्हाच करून ठेवलंय. पती 1975मध्ये अकालीच गेले.

1972मध्ये वरळीला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि 'छायागीत'नं गाणं सिनेमाच्या पोटातून बाहेर काढलं. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या दारात चपलांचा ढीग. मी त्या गर्दीत बसायचो आणि माझ्या लक्षात यायचं की कथेशिवाय काही गाणी उघडी पडतात. झाडाभोवतीचं भरताड कळून येतं. जी गाणी नुसत्या तुकड्यांच्या जोरावर उभी होती तीच टिकत. तिथून पुढे निर्माते म्हणायला लागले, "छायागीतात चाललं पाहिजे हं." गाणं सुटं विकायचं आहे ही जाणीव एडिटिंग रूममध्ये शिरली ती अशी.

1988च्या पंधरा ऑगस्टला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं. कल्पना जाहिरात कंपनीतल्या सुरेश मलिकांची, चित्रीकरण कैलाश सुरेंद्रनाथ यांचं, चाल आपल्या अशोक पत्कींची, सुरुवात भीमसेनजींची. भैरवी एकच, पण भाषा बदलते, वाद्यं बदलतात, गावं बदलतात. प्रत्येक ठिकाणचं चित्रीकरण वेगळं, उजेड वेगळा, माणसाची चाल वेगळी. कुणी समुद्राकाठी, कुणी धबधब्यापाशी, कुणी रेल्वेतून उतरतंय. हे सगळं एकाच सुरात ओवलेलं वाटतं ते चालीमुळे जितकं, तितकंच सांध्यांमुळे. माझ्या लेखी देशातला पहिला खराखुरा म्युझिक व्हिडिओ तोच.

त्याच सुमारास आम्ही काही जण फिल्म सोडून व्हिडिओकडे वळलो होतो. यू-मॅटिकच्या कॅसेटी, दोन प्लेअर, एक रेकॉर्डर, मध्ये कंट्रोलर. इथे कात्री नाही. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर शॉट उतरवत जायचं. आणि सगळ्यात मोठी पंचाईत: गाण्याच्या मध्यात एक शॉट चौकटीभरानं लांबवायचा झाला तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं, नाहीतर तयार टेपचीच नक्कल काढायची. नकलेची नक्कल झाली की लाल रंग पसरायचा, चेहरे सुजायचे. वर आपल्या टीव्हीचा सेकंद पंचवीस चौकटींचा. माझा हात मोडला तो तिथे! मात्रेची वीत आता साडेबारा चौकटींची, आणि अर्धी चौकट कुणी तोडायची? एका मात्रेला बारा, पुढच्या मात्रेला तेरा, असा तोडगा निघाला.

1994मध्ये चॅनल व्ही आला, 1996मध्ये एमटीव्ही नव्या घराण्यानिशी परतला. मधल्या साली केन घोष यांनी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' केलं आणि कॅसेट कंपन्यांना व्हिडिओसाठी पैसे मोकळे करावे लागले. तेव्हा एक युक्ती सर्रास झाली: सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गायकानं त्या वेगात ओठ हलवायचे, कॅमेराही दुप्पट वेगानं चालवायचा. पडद्यावर ओठ सुरात, पण केस, ओढणी, पाऊस सगळं संथ. 2002मध्ये 'ऐका दाजिबा' गाजलं आणि मराठी गाणं अशा व्हिडिओच्या जोरावर अमराठी घरांतही वाजलं, याचा मला चाळीतल्या माणसाला व्हावा तेवढा आनंद झाला.

तोवर अॅव्हिड आलं होतं. संगणकावर शॉट हवा तिथे घाला, काढा, परत घाला. निगेटिव्ह कटरची भीती नाही, नकलेची नक्कल नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे प्रभातच्याच जागेतून, शिकून आलेली पिढी त्यावर सहज रुळली. त्या संस्थेनं आमच्या वस्ताद-चेल्याच्या बंद खोलीला खिडकी पाडली होती हे मान्य करायला हवं. रेणू सलुजा तिथल्याच, दिग्दर्शनासाठी अर्ज केलेल्या आणि संकलनात आलेल्या. 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य' हे 1983चे दोन टोकांचे चित्रपट त्यांनी केले; 'परिंदा', 'धारावी', 'सरदार', 'गॉडमदर' असे चार राष्ट्रीय पुरस्कार, आणि 2000मध्ये त्या पन्नाशीच्या आत गेल्या. आमच्या वस्तादांच्या खोलीत त्या आल्या असत्या तर त्यांना चहा आणायला पाठवलं असतं, हेही खरं.

वेगाबद्दल म्हातारे कुरकुरतात तसा मी कुरकुरत नाही. 'सैराट'ची गाणी कुतुब इनामदारांनी कापली आहेत. त्यातला धांगडधिंगा मोजून पाहा, सम कुठेही चुकलेली नाही, आणि संथ गाण्यात पळणाऱ्या पोरांना पुरेसं पळू दिलंय. पडद्यावर आता ध्वनीची लाट दिसते, थाप कुठे आहे ते डोळ्यांनी कळतं. शेजारचा मुलगा लग्नांचे व्हिडिओ करतो, लॅपटॉपवर. संगणक आपणच थापा शोधून खुणा करून देतो म्हणाला. मी त्याला विचारलं, गायिकेनं श्वास कुठे घेतला त्याची खूण करतो का? तो म्हणाला, "नाही काका, पण ती आपण करू की," आणि हेडफोन माझ्या हातात दिला. बसलो मग. दादरा होता, बऱ्यापैकी चढ्या लयीतला. दुसऱ्या अंतऱ्यात नवरीची आई डोळे पुसते तो शॉट त्यानं थापेवर तोडला होता. तो दोन हात पुढे सरकवून घेतला.